नऊ वर्षांच्या कारवानीची शस्त्रक्रिया

लातूर जिल्ह्यातील एका वाचकांचे पत्र: “आमचा पवन हा नऊ वर्षांचा, कारवानी या शिकारी जातीचा कुत्रा आहे. काही आठवड्यांपासून त्याला शौचाला फार कुंथावे लागते आणि अधूनमधून लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडतात. डॉक्टरांनी प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचे सांगून वृषण काढण्याचा सल्ला दिला आहे. अण्णांचे म्हणणे असे, की या वयात त्याला खच्ची केले तर त्याचा दम जाईल आणि तो ससा धरू शकणार नाही. शिवाय पिल्लांसाठी लोक अजूनही त्याला मागतात. मी काय करावे?”

तरुण, निरोगी कुत्र्याचे खच्चीकरण करावे की नाही, यावर वाद होऊ शकतो. पवनच्या बाबतीत मात्र ती शस्त्रक्रिया हाच उपचार आहे. वृषणांत तयार होणाऱ्या संप्रेरकामुळे वय वाढलेल्या नरांची प्रोस्टेट फुगते आणि मोठ्या आतड्यावर दाबते, म्हणून त्याला कुंथावे लागते. वृषण काढल्यावर ती ग्रंथी काही आठवड्यांत आकसू लागते. तत्पूर्वी सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी झाली नसेल तर ती आग्रहाने करून घ्या, कारण जंतुसंसर्ग किंवा कर्करोग यांचीही लक्षणे अशीच दिसतात आणि कर्करोग या शस्त्रक्रियेने बरा होत नाही.

अण्णांशी बोलताना त्यांच्याच गोठ्यातला दाखला द्या: खच्ची केलेला बैलच आपण औताला जुंपतो आणि त्याच्या ताकदीवर कोणी शंका घेत नाही. पवनचा वेग कमी झाला असेल तर तो वयाने झाला आहे. आणि ससा धरण्याचा प्रश्न म्हणाल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हाच ठरते, त्यामुळे त्या कारणासाठी उपचार लांबवण्यात अर्थ नाही. मादीवर सोडणे तर आजच थांबवा, कारण रक्तस्रावामागे ब्रुसेला या जिवाणूसारखा संसर्ग असेल तर तो समागमातून मादीकडे जातो.

माझी खरी काळजी भुलेची आहे. कारवानीसारख्या सडपातळ, लांब पायांच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते. त्यामुळे थायोपेंटोनसारखी जुनी औषधे दिल्यास त्यांना शुद्धीवर यायला फार वेळ लागतो, आणि भुलेत त्यांचे अंगही पटकन थंड पडते. ही जात डॉक्टरांना स्पष्ट सांगा, रक्ताची तपासणी, विशेषतः मूत्रपिंड आणि यकृत यांची, आधी करून घ्या, आणि गावात सोय नसेल तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. तपासणीत भूल धोक्याची ठरली तर फिनास्टेराइडच्या गोळ्यांनी ग्रंथी लहान करता येते, परंतु गोळ्या बंद केल्या की ती पुन्हा वाढते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणून देऊ नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

शस्त्रक्रियेनंतर दहा-चौदा दिवस त्याला टाके चाटू देऊ नका, पळवू नका आणि पुढे वजनावर लक्ष ठेवून खाणे जरा कमी करा. शस्त्रक्रियेपूर्वीचे शुक्राणू शरीरात काही काळ टिकत असल्याने महिनाभर तरी त्याला माजावरच्या मादीजवळ जाऊ देऊ नका. मात्र लघवी पूर्ण अडली किंवा ताप येऊन त्याने खाणे सोडले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या.