थंड हवेत नारळासारखं दिसणारं कोणतं पाम लावावं?
खरा नारळ विसरा, त्याला कडक थंडी झेपतच नाही. दिसायला सगळ्यात जवळचा म्हणजे मादागास्करचा बेकारिओफिनिक्स आल्फ्रेडी, लांबून बघितलं तर नारळच वाटतो आणि मूळचा उंच पठारावरचा असल्याने थोडंफार दव गोठलं तरी तग धरतो, पण उणे ३ सेल्सिअसच्या खाली भरवसा नाही. त्याहून जास्त गारठा असेल तर म्यूल पाम बघा, ब्युटिया आणि क्वीन पाम या दोन पामांचा संकर आहे, साधारण उणे ८ पर्यंत निभावतो आणि वाढतोही बऱ्यापैकी भराभर, माझं मत विचाराल तर हाच घ्या. ट्रॅकीकार्पस नावाचा पाम भलताच काटक, पण पानं पंख्यासारखी, म्हणजे नारळाचा लुक गेलाच ना! आणि हो, रोप लहान असेपर्यंत हिवाळ्यात झाकून ठेवा, मुळाशी पाणी साचू देऊ नका.