सहा सेंटीमीटरची गॅप नुसत्या सुईने भरत नाही

ताई, अपघातानंतर तुमच्या भावाच्या नडगीतलं सहा सेंटीमीटर हाड काढावं लागलं. आता एक सेंटर म्हणतंय, स्टेम सेलचं, म्हणजे नवं हाड तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींचं इंजेक्शन घ्या, गॅप भरेल. तर पैसे भरू का, असं विचारलंत. नुसत्या इंजेक्शनसाठी भरू नका. मी डॉक्टर नाही. पाच सेंटीमीटरच्या गॅपसाठी दहा महिने पायाला इलिझारोव्हची रिंग, म्हणजे बाहेरून हाड धरणारी चौकट, लावून परळच्या ओपीडीत बसलेला पेशंट आहे.

स्टेम सेल थोतांड नाहीत. इटलीतल्या डॉक्टरांनी 2001 साली तीन रुग्णांची मोठी गॅप भरल्याचं प्रसिद्ध केलं. पण त्यांनी हाडाच्या मज्जेतल्या पेशी लॅबमध्ये वाढवल्या, सच्छिद्र सिरॅमिकच्या ठोकळ्यावर बसवल्या आणि ऑपरेशन करून तो ठोकळा हाडात घातला. फ्रान्समध्ये अर्निगू यांनी 2005 मध्ये कंबरेच्या हाडातली मज्जा घट्ट करून टोचली; 60 पैकी 53 नडग्या जुळल्या. मात्र ती न जुळलेली फ्रॅक्चर होती, जंतुसंसर्ग नसलेली. तुमच्यासारखी रिकामी जागा नव्हे. शिवाय ज्यांची जुळली नाहीत, त्यांना पेशी कमी मिळाल्या होत्या. साध्या मज्जेत या पेशी नगण्यच असतात.

रिकाम्या जागेत टोचलेली पेशी धरणार कशाला? तिला आधार हवा, हाड हलता कामा नये आणि रक्त जवळ हवं. केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाव भागापलीकडे गेली की ती उपाशी मरते. मोठ्या गॅपचं खरं घोडं इथेच पेंड खातं. आत पस असेल तर विषयच संपला. आधी तो साफ.

सर्जनना इलिझारोव्हबद्दल, म्हणजे माझ्या त्या रिंगच्या पद्धतीबद्दल विचारा. हाड दुसरीकडे कापून रोज एक मिलिमीटर सरकवतात, म्हणजे सहा सेंटीमीटरला दोन महिने. खरा कंटाळा पुढे, नवं हाड कडक होईपर्यंत. वर्षभर धरून चाला. दुसरा रस्ता मास्केले या सर्जनचा: आधी गॅपमध्ये हाडांसाठीचं सिमेंट, त्याभोवती पडदा तयार झाला की दीड-दोन महिन्यांनी ते काढून कंबरेचं हाड भरायचं. त्या ग्राफ्टमध्ये, म्हणजे भरलेल्या हाडात, रुग्णाच्याच जिवंत पेशी असतात, हे सेंटरवाले सांगणार नाहीत.

सेंटरवाल्यांकडे ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. खरी ट्रायल असेल तर त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

भाऊ सिगारेट ओढत असेल तर आजच बंद करा. आणि रिंग लागलीच, तर पायजम्याची बाहेरची शिवण उसवून वेल्क्रो लावून घ्या. आमच्या लालबागच्या शिंप्याला मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तो हसला होता. चौथ्या पायजम्याला त्याने पैसेच घेतले नाहीत.