तबल्याच्या पोरानं प्रतिनिधीसाठी उभं राहावं का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू कोल्हापुरात संगीत-नाटकाच्या कॉलेजात तबल्याला, दुसऱ्या वर्षाला, गारगोटीहून एसटीनं रोज ये-जा करतोस, विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून उभं राहायची इच्छा आहे पण नाटकवाल्यांची पोरं जास्त, ती बोलायला पटाईत आणि तुला माईक हातात घेतला की घाम फुटतो. मी स्वतः नाटकवाली, कोल्हापुरातच शिकले, शेवटच्या वर्षाला प्रतिनिधी होते आणि नंतरही नव्या पोरापोरींना यात मदत करत आलेय. तर माझं स्पष्ट मत, उभा रहा. फक्त भाषण पाठ करत बसू नको, त्याच्या आधी करायचं काम वेगळंच आहे.

पहिलं म्हणजे ऑफिसात जाऊन विचार की निवड कशी होणार. आपल्याकडं 1994 च्या विद्यापीठ कायद्यापासून बरीच वर्षं मार्कांवर प्रतिनिधी नेमायचे, मतदान नव्हतंच. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात परत निवडणूक आली, त्यात वर्ग प्रतिनिधी, अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी असं सगळं आहे. पण तुझ्या कॉलेजात यंदा नेमकं काय होणार ते नोटीस बोर्डावर लागेल तेच खरं, कट्ट्यावरच्या गप्पांवर जाऊ नको. आणि विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगदोह समितीनं घालून दिलेले नियम वाचून ठेव, 2006 पासून लागू आहेत. 75 टक्के हजेरी लागते, त्या वर्षी विषय राहिलेला चालत नाही, खर्चाची मर्यादा 5000 रुपये आणि छापील पोस्टर बंद, हातानं काढलेलीच चालतात. तुझी एसटी पावसात अडकते, पंचगंगेला पाणी आलं की रस्ते बंद, तेव्हा हजेरीचा हिशेब आजच काढ, अर्ज बाद झाल्यावर रडून उपयोग नाही.

आता मुद्द्याचं. आपल्यासारख्या कॉलेजात प्रतिनिधीचं निम्मं काम म्हणजे जागा आणि वेळ. बाकी कॉलेजात पोरं वर्गात बसून घरी जातात, आपल्याकडं खरं शिक्षण तालमीत होतं आणि तालमीला हॉल एकच. युवा महोत्सव जवळ आला की एकांकिकावाले हॉल अडवून बसतात, तिथंच लोकनृत्याच्या पोरी घुंगरू बांधून दारात उभ्या, शेजारच्या खोलीत कुणीतरी तानपुरा लावून बसलंय आणि त्याला स्वतःचा षड्ज, म्हणजे सा, ऐकू येत नाही. यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरून होत नाहीत. तर तू काय कर, आठवडाभर वही घेऊन बस आणि लिही, हॉल कधी कुणाकडं होता, कधी कुलूप लावून रिकामा होता, किल्ली कुणाकडं असते, तालीम किती वाजता सुटते. तुझ्या लक्षात येईल की तालीम संध्याकाळी सहानंतर ठेवली की गावाकडची पोरं आणि हॉस्टेलच्या मुली आपोआप गळतात, कारण एकाची शेवटची गाडी जाते आणि दुसरीचं गेट बंद होतं. मग भूमिका कुणाला मिळतात, तर शहरात राहणाऱ्यांना. ही गोष्ट रोज एसटीचा पास दाखवणारा पोरगा जेवढी नीट सांगेल तेवढी आमच्यासारखे नाटकवाले सांगणार नाहीत, आणि गावाकडची पोरं नाटकातही आहेत, नृत्यातही आहेत. मतं तिथं आहेत.

अजून एक, वाद्यं. पावसाळ्यात तबल्याचं चामडं दमटपणानं उतरतं हे तुला मी काय सांगायचं, पण प्राचार्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं. कोरडी खोली, दुरुस्तीचा खर्च, प्रॅक्टिकल परीक्षेला साथीदार वेळेवर ठरवणं, हे सगळं लेखी मागता येतं. आणि स्टोअरमध्ये एकदा जाऊन बघ, जुने पडदे, रंगमंचावर मांडायच्या प्लायवूडच्या लेव्हल्स आणि त्याला चिकटून डिमरची, म्हणजे लाइट कमी-जास्त करायच्या यंत्राची, वायर असली तर तो विषय सगळ्यात वर घे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं, दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला आहे त्या संगीत नाटकातल्या केशवरावांची जयंती होती, अख्खं गाव रडलं. आग विझवायचं नळकांडं शेवटचं कधी भरलं हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि आता सगळ्यात अवघड भाग, यावर मला जास्त बोलायचंय. आपल्या क्षेत्रात शिक्षक म्हणजे गुरू. पाया पडून शिकतो आपण, आणि ते चांगलंच आहे, हे कोल्हापूर आहे, अल्लादिया खाँसाहेबांसारखे गवई इथं दरबारात होते, त्या परंपरेचा मला अभिमान आहे. पण त्यामुळंच पोरं तोंड उघडत नाहीत. तालमीत कुणी सर घालूनपाडून बोलले, नको तिथं हात लावून पोझ दुरुस्त केली, खाजगी क्लास लावला तरच पुढं बसवलं, तरी पोरगी गप्प, कारण पुढचा कार्यक्रम त्यांच्याच हातात असतो. अशा वेळी ती आधी प्रतिनिधीकडं येते, बऱ्याचदा रात्री उशिरा मेसेज करून. तेव्हा काय करायचं हे निवडून यायच्या आधी माहीत पाहिजे. ऐकून घे, ती सांगेल तेवढंच, खोदून विचारू नको, ग्रुपवर एक शब्द टाकू नको आणि स्वतः जाऊन सरांना जाब तर अजिबात विचारू नको. लैंगिक त्रासाचं असेल तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती असते, साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते, आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2015 च्या नियमानं विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर त्या समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थीही असावे लागतात. तुझ्या कॉलेजात ते आहेत का हे आधी बघ. मार्क, प्रवेश, फी असल्या बाकी तक्रारींसाठी वेगळी तक्रार निवारण समिती असते. तक्रार करायची की नाही हे तिनं ठरवायचं, तू फक्त सोबत जायचं. हे ज्याला जमेल त्यालाच मी मत देईन, भाषण कसं का असेना.

भाषणाचं म्हणशील तर तू वर्गावर्गात जा, पाच-सहा जणांत बस, वहीतलं वाचून दाखव आणि त्यांचं काय अडलंय ते लिहून घे. दोन मिनिटं बोलायलाच लागलं तर तीनच मागण्या सांग, ज्या एका वर्षात होण्यासारख्या आहेत. नवीन ऑडिटोरियम आणतो असलं काही बोलू नको. आणि नाटकवाल्यांना टाळू नको, उलट त्यांच्या तालमीला जाऊन एकदा ठेका धरून दे, एकमेकांची ओळख तिथंच होते आपल्याकडं. पक्षाचं कुणी झेंडा, जेवण, गाड्या घेऊन आलं तर हात जोडून नको म्हण, नंतर ती माणसं हॉलचं वेळापत्रकसुद्धा ठरवायला येतात.

अभ्यासाचं आणि रियाजाचं मात्र बघ. प्रतिनिधी झालास की दिवसातले दोन तास फोनवर जातात, हे खरं आहे. पहाटेचा रियाज कुणालाही द्यायचा नाही, मीटिंग असो नाहीतर महोत्सव. अर्ज भरायच्या आधी हॉलची वही झाली की इथं टाक, मी बघून सांगते त्यातल्या कुठल्या तीन मागण्या धरायच्या.