दुसऱ्याचा टाका

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. कॅथेड्रलच्या, म्हणजे त्या मोठ्या चर्चच्या, चॅपेलमध्ये फिरतीवर आलेली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची भरतकामाची क्वेकर टॅपेस्ट्री तू पाहिलीस, तिच्यात निरनिराळे हात ओळखू येतात हे तुला खटकले, आणि आता तुमच्या गटाच्या पडद्यावरचे इतर चौघींचे कच्चे टाके एकटीने उसवून पुन्हा घालावेत का, असे तू मला विचारतेस.

उसवू नकोस.

इंग्लंडमधील केंडल गावच्या १८१६ सालच्या क्वेकर सभागृहात, जिथे हे काम एरवी मांडलेले असते, तिथे मी ते पाहिले आहे. नावात टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेले चित्र, असली तरी ते विणलेले नाही, लोकरीने भरलेले आहे. फ्रान्समधील बायो गावच्या प्रसिद्ध भरतकामाच्या पटाबाबतही सारे जग हीच चूक करते, तेव्हा ते असो. १९८१ साली सॉमरसेटमधील टॉन्टन येथे क्वेकर मुलांच्या वर्गात निघालेल्या कल्पनेला अॅन विन-विल्सन यांनी आकार दिला आणि पुढच्या पंधरा वर्षांत १५ देशांतील सुमारे ४,००० माणसांनी ७७ फलक पूर्ण केले. त्यांत पुरुष होते, मुलेही होती. इतक्या हातांत भरतकामात मुरलेले किती असतील, याचा तूच अंदाज कर. विन-विल्सनबाईंनी म्हणूनच मोजके टाके ठरवून दिले आणि अक्षरांची बारीक वळणे नीट यावीत यासाठी एक नवा टाकाच शोधून काढला, ज्याला आज क्वेकर टाका म्हणतात. नवशिक्याला जमेल असे काम त्यांनी आधीच आखले होते. तुम्ही पडद्याची आखणी किती दिवस केलीत, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही.

तू ज्या चॅपेलमध्ये उभी होतीस, त्याचाही जरा विचार कर. क्वेकरांचे प्रवर्तक जॉर्ज फॉक्स चर्चच्या इमारतींना 'मनोऱ्याची घरे' म्हणून हिणवत, आणि १६४९ साली नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये ते मध्येच उठून बोलले म्हणून त्यांना तुरुंगात टाकले होते. त्याच पंथाच्या माणसांचे, ज्यांचे पूर्वज रंगीत कपड्यांनाही मिरवणे समजत, हे रंगीत काम आज कॅथेड्रलमध्ये सन्मानाने मांडले जाते. या लोकांच्या कामकाजाच्या सभेत मतदान नसते. सर्वांचा कौल एका दिशेला येईपर्यंत ते शांत बसतात, प्रसंगी निर्णय पुढच्या सभेवर जातो. मला हे कधीच जमले नसते, हे कबूल करते. परंतु उसवायचे नाही, असे ठरवले की असेच बसावे लागते.

मी उसवले आहे, म्हणून एवढे बोलते. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाच्या पडद्यावर एका आजींनी भरलेला मोर मी एका रात्रीत उसवून पुन्हा भरला. त्यांचा साखळी टाका सैल होता, हे मी आजही म्हणेन. पडदा प्रदर्शनात जायचा होता, परीक्षक येणार होते आणि मंडळाची शिक्षिका म्हणून बोल मलाच लागला असता. सकाळी आजींनी मोरावरून बोट फिरवले, "छान झाला आहे" म्हणाल्या आणि चष्मा डबीत ठेवला. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मोर अजून उत्तम दिसतो. पडदा माझ्याच कपाटात आहे, कारण मंडळातील कोणीही तो मागितला नाही.

तेव्हा उसवू नकोस. जिचा टाका सैल पडतो तिच्या शेजारी बैस, आपला टाका तिला दिसेल असा सावकाश घाल, आणि तिने स्वतःहून कात्री मागितली तर निमूटपणे पुढे कर. तारीख चुकेल, हे मला ठाऊक आहे, चुकू दे. आणि पुढच्या पत्रात पडद्याचे छायाचित्र पाठवण्याआधी त्या चौघी अजून येतात की नाही, ते कळव.

तुझी,
बाई