नेते म्हणतात, 'सूत्राचं नाव सांगा.' मग नाव न छापलेल्या बातमीवर विश्वास ठेवावा का?

नेते भर सभेत सूत्राचं नाव मागतात ते बरोबर की चूक, असं तुम्ही विचारलंय. साफ चूक. मी स्वतः असं सूत्र होतो.

नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी बिलं तपासायचो. एकाच रस्त्याचं बिल दोनदा निघालं. मोजमाप पुस्तिकेतली पानं वेगळी, रस्ता तोच. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "तुमचं टेबल सांभाळा." सरकारी नोकरांचे वर्तणूक नियम 1979 चे, कार्यालयातली माहिती पत्रकाराला दिली तर निलंबन ठरलेलं, आणि घरी दोन पोरं शिकत होती. तरी धंतोलीत एका वार्ताहराला भेटलो. त्यानं नुसत्या माझ्या शब्दावर एक ओळ छापली नाही. माहिती अधिकारात नकला काढल्या, स्वतः जाऊन रस्ता पाहिला, कंत्राटदाराला गाठून विचारलं. मगच, ऐन हिवाळी अधिवेशनात, 'विश्वसनीय सूत्रांनी' म्हणून बातमी आली.

लगेच नेत्याची सभा. रस्त्याबद्दल चकार शब्द नाही. जनता माझ्यामागे आहे, हे बिननावाचे लोक जनतेचे वैरी आहेत, हिंमत असेल तर समोर या! टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे साडभाऊ होते. रात्री घरी येऊन मलाच म्हणाले, "खरा असता तर समोर आला असता ना भाऊ." तेव्हा गप्प बसलो. निवृत्त झाल्यावर सांगितलं, तर आता म्हणतात, "मग लपून कशाला केलं?"

का, ते सांगतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची खुर्ची घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या वेळी वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राला माहिती पुरवणारे मार्क फेल्ट एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. 2005 मध्ये त्यांनी स्वतः जाहीर करेपर्यंत पोस्टच्या वार्ताहरांनी नाव फोडलं नाही. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला आडोसा लागला, अन् कारकुनानं उघड्यावर यावं? आपल्याकडे 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यानं सूत्राला दिलेलं संरक्षणही वृत्तपत्रांबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या या कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतंच आहे, कोर्टात ते चालत नाही.

हां, 'मंत्रिमंडळ विस्तारात अमक्याला संधी, सूत्रांची माहिती' छापाच्या बातम्या सोडून द्या. त्या बहुतेक वेळा नेत्यांच्याच माणसांनी पेरलेल्या असतात, आणि अशा वेळी नाव कोणी मागत नाही. सांगणाऱ्याचं काही जाणार आहे का आणि हाती कागद आहे का, एवढं पाहा.

कोणी सूत्राचं नाव मागितलं, तर त्याला आधी बातमीतला रस्ता पाहून यायला सांगा. आमचे साडभाऊ अजून गेलेले नाहीत.