जर्मनीत बदली होतेय? युनियनआधी काँट्रॅक्ट बघा

तुमचा प्रश्न असा: पुण्याच्या ऑफिसातून त्याच कंपनीच्या श्टुटगार्टच्या ऑफिसात जाताय, तिथे युनियन जोरात आहे म्हणे, तर त्यात पडावं की चार हात लांब राहावं?

आधी एक घोळ मिटवू. तिथे युनियन आणि बेट्रीब्सराट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईगे मेटालसारखी युनियन कंपनीबाहेरची. ती मालकांच्या संघटनेशी पगाराचा करार करते, वर्गणी महिन्याच्या ग्रॉस पगाराच्या १ टक्का. बेट्रीब्सराट ही कर्मचाऱ्यांनी मतदानाने निवडलेली ऑफिसातलीच समिती. तिला वर्गणी नाही, युनियनचे सभासद असा-नसा. आपल्याकडे आयटीवाल्याला युनियन म्हटलं की गेटवरचा लाल बावटा आठवतो. तिथे समितीतला माणूस शेजारच्या टेबलावरचा टेस्ट इंजिनिअरही असू शकतो.

टाउनहॉल, ओपन डोअर, वार्षिक सर्व्हे तिथेही असतात, पण ते मॅनेजमेंटच्या मर्जीने. समितीचे अधिकार १९७२च्या कायद्यातले आहेत. ओव्हरटाइम किंवा कामावर नजर ठेवू शकणारं सॉफ्टवेअर तिच्या संमतीशिवाय लागू करता येत नाही. भारतात एका मेलवर सुरू झालेलं टूल तिथे महिनोन्‌महिने अडकतं ते यामुळे. पुण्याच्या टीमला तो आळस वाटतो. तसं नसतं.

अप्रेझलच्या बोलण्याला समितीतल्या एकाला सोबत नेता येतं, आणि तिथलं बोलणं त्याने बाहेर सांगायचं नसतं. स्वतःची पर्सनल फाइलही मागून वाचता येते. कामावरून काढायचं तर कंपनीने आधी समितीचं म्हणणं ऐकावंच लागतं. न ऐकता दिलेली नोटीस रद्दबातल. नोटीसही कागदावर, सहीनिशी. ईमेल चालत नाही. मात्र नोटीस हातात पडल्यापासून ३ आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल केला नाही, तर चुकीची नोटीसही कायम होते. आपली माणसं इथेच फसतात, एचआरशी मेलामेली करण्यात मुदत उलटून जाते. पहिल्या पायरीवर जिंकलात तरी वकिलाचा खर्च आपला आपणच भरायचा. युनियनच्या वर्गणीचा खरा मोबदला इथे मिळतो, कारण सभासदाला कायदेशीर मदत मिळते. पण ती सभासद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही, म्हणून भांडण उभं राहायच्या आधीच नाव नोंदवा.

श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबेर्गच्या मेटल उद्योगाच्या पगार करारात १७ गट आहेत. गट कामाच्या वर्णनावरून ठरतो, तुमच्या अनुभवाच्या वर्षांवरून नाही. ऑफर लेटरमध्ये गट लिहिलेला हवा आणि जॉब डिस्क्रिप्शनची प्रत जवळ हवी. पुढे काम वाढलं तर तेच घेऊन समितीकडे जाता येतं. कराराबाहेरचा पगार घेणाऱ्यांना हे गट लागू नसतात, समिती मात्र त्यांचीही असते. फक्त कायद्याने ‘वरिष्ठ व्यवस्थापक’ ठरणारे तिच्या कक्षेबाहेर.

आणि मुळात काँट्रॅक्ट कुठलं? आयसीटी कार्डावर (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) डेप्युटेशनने गेलात तर मालक पुण्याचीच कंपनी. तिने परत बोलावलं तर तिथली समिती फारसं काही करू शकत नाही. जर्मन काँट्रॅक्ट आणि ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्या-कामाचा परवाना) असेल तर गोष्ट वेगळी. पण नोकरीवरून काढण्याविरुद्धचं संरक्षण तिथेही पहिल्या ६ महिन्यांनंतरच, तेही १० पेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी.

समिती आपोआप तयार होत नाही. ५ कर्मचारी पुरतात, पण निवडणूक कुणीतरी लावावी लागते; छोट्या ऑफिसांत बरेचदा ती नसतेच. एचआरला हे सरळ विचारा, तिथे कुणी त्याचं वाईट वाटून घेत नाही. असेल तर मतदान दर ४ वर्षांनी, मार्च ते मे. भारतीय पासपोर्ट आड येत नाही. उभं राहायला ६ महिन्यांची नोकरी आणि १८ वर्षं वय लागतं.

‘आपसात मिटवू’ म्हणून राजीनाम्याचा करार पुढे केला तर त्याच बैठकीत सही करू नका. सही केलीत तर बेकारी भत्ता साधारण १२ आठवडे अडकू शकतो. आणि नोकरी मुदतीआधी गेली तर ब्लू कार्डवाल्याने २ आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं असतं. ते काम एचआर तुमच्या वतीने करत नाही.