अमेरिकेत फ्रीज-वॉशिंग मशीन दुरुस्तीसाठी लायसन्स लागतं का?

ताई, तुमचा धाकटा भाऊ नाशिकला फ्रीज-एसीचा आयटीआय करून बरीच वर्षं दुरुस्तीचं काम करतोय, आता ग्रीन कार्डवर कॅलिफोर्नियात येतोय. त्याला इथे सरकारी लायसन्स लागेल का, आणि पुढेमागे न्यूयॉर्कला गेला तर तेच चालेल का, असं तुम्ही विचारलंत. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात, याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरगुती उपकरणं दुरुस्त करायला बहुतेक राज्यांत राज्याचं वेगळं लायसन्स नाही. कॅलिफोर्नियात मात्र नोंदणी लागते आणि ती धंद्याच्या नावावर होते. ब्युरो ऑफ हाउसहोल्ड गुड्स अँड सर्व्हिसेस नावाचं खातं ती करतं. त्यासाठी परीक्षा नाही. अर्ज आणि फी भरायची, मग दरवर्षी नूतनीकरण. भाऊ कुणाच्या दुकानात पगारावर लागला तर नोंदणी मालकाची, त्याला स्वतःची लागत नाही. पण शनिवार-रविवारी ओळखीतल्या चार घरी जाऊन पैसे घेऊन मशीन उघडलं, की तो कायद्याने 'सर्व्हिस डीलर' झाला. आपले लोक नेमके इथे अडकतात. ओळखीतलं काम आहे, कोण विचारतंय, असं म्हणून चालत नाही.

नोंदणीपेक्षा त्यासोबत येणारे नियम त्याने आधी अंगवळणी पाडावेत. कामाला हात लावण्याआधी मजुरी आणि पार्ट्सचा अंदाजी खर्च लेखी द्यायचा. त्याहून जास्त लागणार असेल तर गिऱ्हाइकाची संमती आधी घ्यायची. बिलावर काय काम केलं, कोणता पार्ट टाकला ते लिहायचं, आणि पार्ट वापरलेला असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. 'बघतो, उघडल्यावर सांगतो' ही सवय इथे पहिल्या दिवशी सोडावी लागते. मला हा कायदा मनापासून पटतो, कारण त्याने गिऱ्हाईक जसं वाचतं तसा प्रामाणिक मेकॅनिकही वाचतो. पैशावरून वाद झाला की सही केलेला कागद बोलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे गॅस भरणं. यासाठी व्यक्तीच्या नावाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते केंद्र सरकारच्या कायद्याने, म्हणजे सगळ्या राज्यांत. क्लीन एअर अ‍ॅक्टच्या कलम ६०८ खाली पर्यावरण खात्याने, इथे त्याला ईपीए म्हणतात, १९९४ पासून हे सक्तीचं केलंय. फ्रीजची गॅसलाइन उघडायची असेल तर हे कार्ड हवंच. आयटीआयचं सर्टिफिकेट कितीही चांगलं असलं तरी त्याच्या बदल्यात चालत नाही. परीक्षेत 'कोअर' नावाचा एक भाग आणि मग टाइप १, २, ३ असे भाग असतात. प्रत्येकात २५ प्रश्न, पास व्हायला १८ बरोबर. टाइप १ म्हणजे कारखान्यातच सील केलेली, ५ पौंड किंवा कमी गॅसची छोटी उपकरणं: घरचा फ्रीज, खिडकीतला एसी. स्प्लिट एसीला टाइप २ लागतो. माझा आग्रह आहे की त्याने चारही भाग एकदम देऊन 'युनिव्हर्सल' कार्ड घ्यावं. ते आयुष्यभर चालतं आणि नोकरी देणारा आधी तेच विचारतो.

विषय त्याला येत असणार, सवय बदलणं अवघड जाईल. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जुना गॅस हवेत सोडून देतात आणि नवा भरतात. इथे फ्रीजमधला आर-१३४ए नावाचा गॅस असा सोडणं गुन्हा आहे, दंड दिवसाला हजारो डॉलरमध्ये जाऊ शकतो. रिकव्हरी मशीनने तो सिलिंडरमध्ये ओढून घ्यावा लागतो. नव्या फ्रीजमधल्या आर-६००ए गॅसला या बंदीतून सूट आहे, पण तो पेट घेतो, त्यामुळे नळीला जोडकामाची पेटती ज्योत (टॉर्च) लावण्याआधी दहादा विचार करावा. आणि १३४एच्या फ्रीजमध्ये ६००ए भरणं इथे अजिबात चालत नाही.

घरांतल्या सेंट्रल एसीची कामं मात्र वेगळ्या खात्यात मोडतात. त्याला कंत्राटदाराचं सी-२० लायसन्स लागतं, त्यात अनुभवाची अट आणि परीक्षा आहे. ते पुढचं पुढे बघता येईल. सध्या स्वतःचा धंदा काढायचा तर वर सांगितलेल्या नोंदणीशिवाय शहराचं बिझनेस लायसन्स, आणि पार्ट्स विकणार म्हणून विक्रीकराचं सेलर्स परमिट, एवढं लागेल.

एक नवी गोष्ट त्याच्या फायद्याची आहे. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात दुरुस्तीच्या हक्काचा कायदा लागू झालाय. १०० डॉलर किंवा त्याहून जास्त घाऊक किमतीच्या उपकरणाचं उत्पादन बंद झालं तरी पुढे ७ वर्षं पार्ट्स, हत्यारं आणि सर्व्हिस मॅन्युअल कंपनीने बाहेरच्या मेकॅनिकलाही उपलब्ध करून द्यायची. पूर्वी मॅन्युअलसाठी किती हात जोडावे लागायचे, ते आम्हालाच माहीत. बदल्यात, आपण कंपनीचे अधिकृत नसू तर तसं गिऱ्हाइकाला आधी लेखी कळवायचं.

न्यूयॉर्कचं म्हणाल तर ईपीएचं कार्ड जसंच्या तसं चालेल, कॅलिफोर्नियाची नोंदणी नाही. न्यूयॉर्क शहरात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या धंद्याला शहराच्या ग्राहक खात्याचं लायसन्स लागतं. मॅसॅच्युसेट्सला गेला तर इंधनाच्या गॅसवर चालणारा कपडे वाळवायचा ड्रायर किंवा शेगडी जोडायला परवानाधारक प्लंबर किंवा गॅसफिटरच लागतो, तिथे स्वतः पाइपला हात लावायचा नाही. गॅसवर चालणारे ड्रायर त्याने नाशिकला क्वचितच पाहिले असतील, त्यामुळे सुरुवातीला एखाद्या जुन्या दुकानात पगारावर राहून ते शिकणं बरं. ६०८चा अभ्यास मात्र तिकडे असतानाच सुरू करायला सांगा. प्रश्न इंग्रजीत असतात आणि पौंड, फॅरनहाइट, पीएसआय (दाबाचं माप) यांत आकडे येतात, त्याचा सराव आधीपासून हवा.